हाडात पोकळी (सिस्ट): इंजेक्शन, सळ्या की मोठं ऑपरेशन? ठाण्यातल्या पालकांनो, अनुभव सांगा

मानपाड्याची आई | १४ जून, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा नऊ वर्षांचा. गेल्या शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट चाललं होतं, तेही टेनिसच्या चेंडूने. हा बोलिंग टाकायला धावला, हात फिरवला आणि तिथेच मटकन खाली बसला. पडला नाही, आपटला नाही, कुणी ढकललं नाही. लिफ्टने वर आला तो उजवा हात डाव्या हातात धरून, ओठ पांढरेफटक. मी त्याला तीनदा दरडावून विचारलं, "खरं सांग, कठड्यावर चढला होतास ना?" तो नाही नाही म्हणत राहिला आणि मी ओरडत राहिले. चेंडू टाकताना कुणाचा हात मोडतो का?

तर मोडतो. एक्स-रे काढला. दंडाचं हाड, खांद्याच्या जरा खाली फुगल्यासारखं दिसतंय आणि आत सगळं काळपट. कडेला अंड्याच्या टरफलाएवढा पापुद्रा उरलाय आणि तडा गेलाय तो त्या पापुद्र्याला. रिपोर्टात लिहिलंय: युनिकॅमरल बोन सिस्ट, पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर.

ज्या हॉस्पिटलात गेलो तिथल्या डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या "ट्यूमरसारखंच असतं" असं म्हटलं आणि पुढच्या रुग्णाकडे गेले. नवरा तिथेच बाकावर बसला. मग काउंटरवरून एस्टिमेट आलं: उद्या अॅडमिट, परवा ऑपरेशन, हाड उघडून खरवडायचं, कमरेचं हाड काढून भरायचं. आम्ही "घरी विचारून सांगतो" म्हणून निघून आलो. हात सध्या झोळीत आहे.

नात्यातल्या एकाने सांगितलं की हल्ली नुसत्या सुईनेही होतं. खरं का? आणि घाई किती?

घंटाळीची मावशी | १५ जून, सकाळी ६.१०

अगं, आधी तू जेवलीस का रात्री? मला यातलं वैद्यकीय काही कळत नाही, पण पोराला जवळ घेऊन सांग की तुझं खरं होतं, आईचं चुकलं. बाकीचं जाणकार सांगतील.

जुना ठाणेकर | १५ जून, सकाळी ७.३५

आमच्या लहानपणी असले आजार नव्हते. मुलांना नाचणी, तीळ, खारीक मिळायची. आता पिझ्झा खाऊन हाडं पोकळ होणारच. माझ्या माहितीत एक हाडवैद्य आहेत, लेप लावून पट्टी बांधतात, एकवीस दिवसांत हात चालू. चोळून घ्यायचं थोडं थोडं. नंबर हवा असेल तर माझ्या विपूत (विचारपुशीत) लिहा.

अस्थिर | १५ जून, दुपारी २.०५

ओपीडी आटोपून लिहितोय. मी हाडांचा डॉक्टर आहे. फिल्म न बघता मी सल्ला देत नाही, त्यामुळे ही फक्त माहिती समजा.

सगळ्यात आधी काकांसाठी, हात जोडून: या हाताला चोळायचं नाही. आत पापुद्रा आहे, चोळलात तर उरलेलाही मोडेल. आणि याचा नाचणीशी, पिझ्झाशी काही संबंध नाही. ही पोकळी कॅल्शियम कमी पडल्याने होत नाही. असले आजार तुमच्या लहानपणीही होते. फिर्खो नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय. तेव्हा एक्स-रे नव्हते एवढंच.

आता आईंसाठी. रिपोर्टातली युनिकॅमरल, म्हणजे साधी सिस्ट, ही हाडातली पाण्याची पोकळी. कॅन्सर नाही, कॅन्सर होण्याची पायरीही नाही. कॉरिडॉरमधलं ते वाक्य विसरून जा. साधारण पाच ते पंधरा या वयात सापडते, मुलग्यांत मुलींच्या दुप्पट. निम्म्याहून जास्त वेळा दंडाच्या वरच्या टोकाला, त्याखालोखाल मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. दुखत नाही, म्हणून कळतच नाही. बहुतेकांना ती अशीच कळते: चेंडू फेकला, दप्तर उचललं आणि काडकन मोडलं. पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर म्हणजे हेच, आधीच पोखरलेलं हाड मोडणं. तुमचा मुलगा खोटं बोलत नव्हता.

ती का होते हे अजून पुरतं उमगलेलं नाही. हाडातलं रक्त शिरांवाटे नीट परत जात नाही, दाब वाढतो, पाणी साचतं आणि त्या पाण्यातली काही द्रव्यं भोवतालचं हाड खात जातात, असं मानतात. सुईने दाब मोकळा करायचा, ही कल्पना त्यातूनच आली.

घाईचं विचारलंत. दंडाच्या बाबतीत घाई नसते. आधी फ्रॅक्चर जुळू द्यायचं. मुलांचं हाड झोळीतही पाच-सहा आठवड्यांत छान जुळतं. कधीकधी मोडल्यामुळेच दाब मोकळा होतो आणि पोकळी आपोआप भरते, पण त्या भरवशावर राहू नका, दहातल्या एखाद्याच्याच नशिबी ते येतं. जुळलं की मग पुढचं ठरवायचं.

मांडीचं हाड असतं तर मी असं लिहिलं नसतं. खुब्याजवळची सिस्ट मोडली तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो, हाड वाकडं जुळू शकतं. तिथे थांबायचं नाही, पाय टेकवायचा नाही, आधार घालायचा. हा धागा पुढे कुणी वाचेल म्हणून लिहून ठेवतोय.

एक विचारतो: फिल्ममध्ये पोकळीच्या तळाशी हाडाची छोटी कपची दिसतेय का?

मानपाड्याची आई | १५ जून, रात्री १०.२०

डॉक्टर, आहे! फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून बघितली. काळ्या भागात अगदी खाली, नखाएवढा पांढरा तुकडा तिरपा पडलाय. हे वाईट का?

मावशी, सांगितलं त्याला. "मग मला बॅट घेशील का" म्हणाला.

अस्थिर | १५ जून, रात्री ११.१५

उलट चांगलं. भरीव गाठ असती तर मोडलेला तुकडा अधांतरी अडकला असता. तो खाली तरंगत गेला म्हणजे आत पाणीच आहे. आम्ही याला गळलेलं पान म्हणतो. दंडाची जागा, नऊ वर्षांचं वय, पान: एवढं जुळलं की बहुतेकदा एमआरआयचीही गरज पडत नाही. तरी तुमचे डॉक्टर सांगतील ते करा.

फिल्मवर अजून एक बघायला सांगा, पोकळी वाढीच्या पट्टीला चिकटून आहे की लांब. मुलांच्या हाडाच्या टोकाशी एक पट्टी असते, हाड लांबीने वाढतं ते तिथून. पोकळी तिच्यापासून एक सेंटिमीटरच्या आत असेल तर ती "जागी" समजतात, म्हणजे उपचारानंतर पोकळी पुन्हा होण्याची भीती जास्त आणि सुई-हत्यार चालवताना पट्टीला धक्का लागायची जोखीमही. मूल वाढेल तशी पट्टी पुढे सरकते, पोकळी मागे राहते.

नेरुळचा बाप | १६ जून, रात्री १२.४०

हे रात्री वाचतोय आणि तीन वर्षं मागे गेलो. आमची केस वेगळी होती, म्हणून लिहितो.

मुलगी अकरा वर्षांची. गुडघ्याखाली सूज, दुखायचं, रात्री जास्त. तिचीही "सिस्ट"च. पण एमआरआयमध्ये पोकळीत आडव्या रेघा दिसल्या. ताक न ढवळता ठेवलं की वर निवळी आणि खाली घट्ट असे थर दिसतात ना, तसे. रेडिओलॉजिस्टने तेच दाखवलं: रक्त साकळून थर झालेत. ही अॅन्युरिझमल बोन सिस्ट, पाण्याची नव्हे, रक्ताची.

आम्हालाही सुईचाच उपाय सांगितला, पण आमच्या डॉक्टरांची एकच अट होती, आधी बायोप्सी. कारण अशीच दिसणारी एक वाईट गाठ असते. तिचं नाव इथे लिहीत नाही, आया रात्री गूगल करत बसतील. स्लाइडी परळला टाटामध्येही दाखवून घेतल्या. हार्बरने शिवडी, तिथून टॅक्सी, मांडीवर तो प्लॅस्टिकचा डबा. त्या डब्याला हात लावायला बायको तयार नव्हती. रिपोर्ट यायला लागलेले दिवस मी मोजले नाहीत म्हटलं तर खोटं होईल. नऊ.

साधी अॅन्युरिझमलच निघाली. मग पॉलिडोकॅनॉल नावाचं औषध सी-आर्मखाली (काम चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) सुईने सोडलं. पायाच्या फुगलेल्या शिरांना देतात तेच. चार वेळा. दर वेळी भूल, संध्याकाळी घरी. दोन-तीन दिवस ठणका असायचा. वर्षभराने पोकळीत हाड दिसायला लागलं. टाका एकही नाही.

सांगायचं एवढंच की "सिस्ट" शब्दावर जाऊ नका. कुठली सिस्ट ते आधी पक्कं करून घ्या.

अस्थिर | १६ जून, दुपारी १.३०

बाबांना पूर्ण अनुमोदन. यात आपल्या देशाचं कामही आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पॉलिडोकॅनॉलने ७२ रुग्णांवर केलेल्या उपचारांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले आणि जगभर त्यांचा दाखला देतात. त्याआधी या सिस्टला उघडून खरवडणं हाच राजमार्ग होता. त्यात रक्तस्राव बराच आणि पुन्हा उगवण्याचं प्रमाणही कमी नाही. बहुतेक अॅन्युरिझमल सिस्टमध्ये यूएसपी६ नावाच्या जनुकात बदल सापडतो, त्यामुळे शंका असली तर तुकड्यावर ती तपासणीही करता येते.

काथ्याकूट | १६ जून, सायं. ६.५०

मी दोन तास वाचलं यावर. साध्या सिस्टमध्ये स्टिरॉइड टोचतात म्हणे. लहान मुलाला स्टिरॉइड? वाढ खुंटली तर? त्यापेक्षा स्वतःच्याच कमरेतला बोन मॅरो काढून घालतात तो प्रकार नैसर्गिक नाही का? स्वतःचं ते स्वतःचं.

अस्थिर | १६ जून, रात्री ९.४०

प्रश्न रास्त आहे. मलाही ती कल्पना आवडायची. पण आवडून काय उपयोग, ताडून बघावं लागतं.

स्टिरॉइडची पद्धत इटलीच्या स्कालियेत्ती या फ्लॉरेन्सच्या सर्जननी १९७० च्या दशकात रूढ केली. मॅरो नंतर आला. मग दोन्हींची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली, २००८ मध्ये ती छापून आली. स्टिरॉइड दिलेल्या ३८ पैकी १६ पोकळ्या भरल्या, मॅरो दिलेल्या ३९ पैकी ९. म्हणजे ४२ टक्के आणि २३ टक्के. स्वतःचं ते स्वतःचं, पण हरलं.

हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचा. जिंकलेल्या औषधानेसुद्धा निम्म्याहून जास्त पोकळ्या पुरत्या भरल्या नाहीत. सुईचा उपाय छोटा आहे, पण एकदाच नाही. दोन-दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा-तीनदा द्यायची तयारी ठेवूनच सुरुवात करायची. आमच्यातले काही हे पहिल्या भेटीत सांगत नाहीत आणि दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी आईबापांना वाटतं की आपण फसलो.

वाढ खुंटण्याचं म्हणाल, तर हे औषध थेट पोकळीत सोडतात, तेही मोजक्या वेळा. दम्यासाठी किंवा मूत्रपिंडासाठी महिनोन्महिने पोटातून घेतलेल्या गोळ्यांशी त्याची तुलना नको.

ऐरोलीकर | १७ जून, सकाळी ९.२०

भाच्याला सळ्या घातल्या होत्या. टायटॅनियमच्या, लवचिक, कोपराजवळ दोन छोट्या छेदांतून वर सरकवतात. सळ्या पोकळी भेदून जातात, त्यामुळे पाणी साचतच नाही आणि हाडाला आतून आधार मिळतो. प्लॅस्टर नाही, तिसऱ्या आठवड्यात पोरगं कॅरम खेळत होतं. तोटा म्हणजे कोपराशी टोक बोचायचं, फुल बाह्यांचा शर्ट घालायचा नाही म्हणायचा. आणि सळ्या काढायला पुन्हा भूल.

दुसऱ्या एका ओळखीच्या मुलाला छोट्या भोकातून आत खरवडून कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्या भरल्या. मी डॉक्टरांना विचारलं हे काय, तर म्हणाले प्लास्टर ऑफ पॅरिस. मी म्हटलं, आमच्याकडे गणपतीवर बंदीची चर्चा चाललीये आणि तुम्ही पोराच्या हाडात घालताय?

अस्थिर | १७ जून, दुपारी २.१५

:) रसायन तेच, फक्त शुद्ध, वैद्यकीय दर्जाचं. हाडाच्या पोकळीत ते भरण्याचा पहिला प्रयोग १८९२ मधला आहे. काही आठवड्यांत शरीर ते विरघळवतं आणि त्या जागी हळूहळू हाड धरतं. तळ्यात विसर्जन नाही, हाडातच.

गंमत सोडा, या पद्धतीत एक महत्त्वाची गोष्ट करतात: पोकळी आणि हाडाची मूळ नळी यांच्यामधला पडदा फोडून पाण्याला वाट करून देतात. कमरेचं हाड काढावं लागत नाही. पहिल्या फेरीतच भरण्याची शक्यता नुसत्या इंजेक्शनपेक्षा बरी असते, असं बऱ्याच सर्जनांचं मत आहे, माझंही. पण तीच जागा, तोच मुलगा, तरी दोन चांगले डॉक्टर दोन वेगळे उपाय सांगतील. याचा अर्थ एक जण लबाड आहे असा नाही.

मानपाड्याची आई | ८ ऑगस्ट, रात्री १०.०५

उशिरा अपडेट देतेय, माफ करा. मुलांच्या हाडांचं काम करणाऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. टेबलावर फिल्म ठेवून पेनाने पट्टी दाखवली, पोकळी दाखवली, अंतर मोजलं. दीड सेंटिमीटर. मग स्वतःहूनच म्हणाले, "तीन वेळा यावं लागेल असं धरून चला. कमी लागलं तर पेढे द्या." तिथेच माझा निर्णय झाला.

सहा आठवड्यांत फ्रॅक्चर जुळलं. पोकळी होती तशीच, त्यामुळे परवा पहिलं इंजेक्शन झालं. सकाळी उपाशी, साडेसातला अॅडमिट, भूल. मला ऑपरेशन थिएटरमध्ये सोडलं नाही, पण नंतर डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवले. पोकळीत दोन सुया, एक वर, एक खाली. खालच्या सिरिंजमध्ये पाणी आलेलं: पिवळसर, पातळ, तुपाची बेरी गाळताना शेवटी येतं तसल्या रंगाचं, त्यात एक लालसर तार. म्हणाले, लाल भडक आलं असतं तर मी तिथेच थांबलो असतो आणि तुम्हाला बाहेर येऊन सांगितलं असतं. (नेरुळच्या बाबांची आठवण झाली.) मग रंगद्रव्य सोडून बघितलं, आत कप्पे आहेत का ते. एक कप्पा होता, तो सुईनेच फोडला. मग औषध.

चार वाजता घरी. दंडावर दोन गोल चिकटपट्ट्या, बस. त्याची निराशा झाली, वर्गात दाखवायला टाकेसुद्धा नाहीत.

मेडिक्लेमवाल्यांनी मात्र "इंजेक्शन हे ओपीडीत येतं" म्हणून कॅशलेस नाकारलं. डॉक्टरांनी भूल दिल्याचं, सी-आर्मचं सगळं लिहून पत्र दिलं, तेव्हा नंतर पैसे मिळाले. पुढच्यांनी ते पत्र आधीच घेऊन ठेवा.

फिजिओ_वाशी | ९ ऑगस्ट, सकाळी ८.००

छान! झोळी निघाल्यावर खांदा आखडलेला असेल. जोर लावून उचलू नका. वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, एवढंच सध्या. बोलिंग, दहीहंडीच्या थरांची प्रॅक्टिस, मंकी बार हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. ठाण्यातली पोरं ऑगस्टमध्ये काय करतात ते ठाऊक आहे मला.

जुना ठाणेकर | ९ ऑगस्ट, सकाळी ८.४०

सूनबाईने सगळा धागा वाचून दाखवला. चोळायचं मागे घेतो. नाचणी मागे घेत नाही.

मानपाड्याची आई | २० डिसेंबर, रात्री ११.३०

दुसरं इंजेक्शन ऑक्टोबरात झालं. आजच्या एक्स-रेत पोकळी आहेच. मला रडू आलं, लपवत नाही. सगळं माहीत असूनही आलं. मग डॉक्टरांनी जूनची फिल्म शेजारी लावली. जूनमध्ये जो पापुद्रा होता तो आता जाड पांढरी कड झालाय आणि आत धूसर जाळी दिसतेय. ते नखाएवढं पान कुठे दिसत नाही, हाडात मिसळून गेलं असणार. तिसरं जानेवारीत ठरलंय.

हा आता पार्किंगमध्ये अंपायर असतो. कुणीही अपील केलं की बाद देतो, सगळी मुलं वैतागलीत.

घंटाळीची मावशी | २१ डिसेंबर, सकाळी ६.०५

रड गं. पण जेवून रड.

मानपाड्याची आई | २६ मे, दुपारी ३.४५

तिसऱ्यानंतर चार महिन्यांनी आज फिल्म. वरच्या बाजूला शेंगदाण्याएवढी जागा रिकामी आहे, बाकी भरलं. डॉक्टर म्हणाले, एवढी राहिली तरी हाड पक्कं आहे, आता टोचायचं नाही. सहा महिन्यांनी बघू, आणि उंची वाढायची थांबेपर्यंत अधूनमधून बघत राहू. पोहायला आजपासून, बोलिंग शाळा सुरू झाल्यावर. पेढे दिले नाहीत, कमी कुठे लागलं! तलावपाळीवर आइस्क्रीम खाल्लं.

नवीन_सदस्य_कळवा | २७ मे, रात्री १२.१०

ताई, पूर्ण धागा वाचला. माझ्या पुतणीच्या टाचेच्या हाडात सिस्ट सांगितलीये, वय बारा. पाय मुरगळला म्हणून एक्स-रे काढला त्यात दिसली. दुखत नाही. घरात सगळे घाबरलेत. काय करू?

मानपाड्याची आई | २७ मे, सकाळी ७.१५

दादा, रिपोर्टातली ओळ जशीच्या तशी मराठी अक्षरांत इथे टाका, नाव-पत्ता झाकून. अस्थिर दुपारी दोननंतर येतात. तोवर तिला दोरीच्या उड्या आणि लंगडी बंद म्हणून सांगा. फिल्म घडी घालून ठेवू नका, मागची-पुढची शेजारी लावून बघायला लागते.

आणि हो, पुतणी जे सांगतेय ते खरं धरा.